साथ करणाऱ्या अल्बर्टाबाई

लहानपणी गावात हरिनाम सप्ताह बसला, की आमच्या गल्लीतली मुसलमानांची पोरंही रात्रीच्या कीर्तनाला जाऊन बसायची. कुणी हटकत नसे. बुवांचं निरूपण मला फारसं कळायचं नाही. मी आपला पेटीवाल्याकडे बघत बसायचो. बुवा कुठं थांबतील, कधी चाल धरतील, हे त्याला आधीच कळायचं. बुवांचा दम कमी पडला, तर तो सूर धरून ठेवायचा. कीर्तन संपलं, की लोक बुवांच्या पाया पडायला रांग लावायचे आणि पेटीवाला एका बाजूला भाता मिटून पेटीवर कापड टाकत असायचा.

आज ज्या बाईंविषयी मला बोलायचं आहे, त्यांनी अशी साथ चाळीस वर्षं केली. अमेरिकेतल्या अटलांटा शहरात, एबेनेझर बॅप्टिस्ट चर्चमध्ये. त्यांचं नाव अल्बर्टा विल्यम्स किंग. नावावरून लगेच ओळख पटणार नाही. मुलाचं नाव सांगितलं की पटेल : मार्टिन ल्यूथर किंग.

आमच्या नमाजात वाद्य नसतं. त्यामुळे चर्चमधल्या ऑर्गनवादकाचं काम काय, हे मला उशिरा समजलं. काळ्या बॅप्टिस्टांच्या चर्चमध्ये संगीत ही शोभेची वस्तू नाही. गुलामगिरीच्या काळापासून ते त्या माणसांच्या प्रार्थनेचा कणा आहे. पाळक बोलतो, लोक मधूनच हुंकार देतात, आणि त्या दोघांना सांधणारा असतो वाद्यावरचा हात. संगीत नाटकांमुळे ऑर्गन आपल्याला परका नाही. तिथं तो गायकाला साथ करायचा, इथं सगळ्या मंडळीला करतो.

अल्बर्टाबाईंचा जन्म १९०३चा. वडील ए. डी. विल्यम्स गुलाम आईबापांच्या पोटी जन्मले आणि १८९४ पासून एबेनेझरचे पाळक होते. ही त्यांची एकुलती एक मुलगी. व्हर्जिनियातल्या हॅम्प्टनला जाऊन तिनं १९२४ साली शिक्षिकेचं प्रमाणपत्र मिळवलं. थोडे दिवस शाळेत शिकवलंही. पण १९२६च्या नोव्हेंबरात लग्न झालं आणि नोकरी सुटली, कारण विवाहित स्त्रीला शिक्षिका म्हणून ठेवायचं नाही, असा तेव्हा अटलांटाच्या शाळांचा नियम होता. नवरा तरुण पाळक, पुढे मार्टिन ल्यूथर किंग सीनियर म्हणून ओळखला गेलेला. ऑबर्न अव्हेन्यूवरच्या वडिलांच्या घरातच संसार थाटला. ख्रिस्तीन, मार्टिन आणि ए. डी. ही तिन्ही मुलं त्याच घरात जन्मली.

१९३१ साली वडील गेले. पाळकपद नवऱ्याकडे आलं आणि १९३२ पासून अल्बर्टाबाई ऑर्गनवर बसू लागल्या. चर्चचा गायकवृंद त्यांनीच उभा केला. याच धबडग्यात, तीन मुलं पदरी असताना, १९३८ साली त्या मॉरिस ब्राउन कॉलेजातून बी. ए. झाल्या. मी स्वतः बी. ए.च्या पुढे गेलो नाही. का, म्हणून कुणी विचारलं की घरच्या अडचणींची यादी सांगत असे. अल्बर्टाबाईंविषयी वाचल्यापासून ती यादी आवरती घेतली आहे.

घरी पियानो होता आणि मुलांनी तो शिकलाच पाहिजे, असा आईचा आग्रह. मुलगे वैतागले. शिकवायला येणाऱ्या मास्तरांच्या बाकाचे पाय त्यांनी एकदा ढिले करून ठेवले आणि मास्तर बसल्याबरोबर धाडकन खाली आले. ख्रिस्तीनबाईंनी म्हातारपणी ही हकिगत लिहून ठेवली आहे. आपल्या घरातल्यासारखंच घर ते.

पण त्या घरातल्या आईपुढे एक असा प्रश्न होता, जो पियानोच्या धड्यांसारखा टाळता येत नव्हता. मार्टिनचा एक गोरा सवंगडी होता. दोघं सहा वर्षांचे झाले, वेगवेगळ्या शाळांत गेले, आणि त्या मुलाला घरून ताकीद मिळाली, की आता काळ्या मुलाशी खेळायचं नाही. आपल्या देशात हे असं का, हे मुलाला सांगणं आईवर आलं. अल्बर्टाबाईंनी त्याला मांडीवर घेतलं, गुलामगिरी समजावली, पाट्या लावलेल्या वेगळ्या नळांचा, वेगळ्या दारांचा अर्थ सांगितला, आणि शेवटी बजावलं, की तू कुणाहूनही कमी नाहीस. मार्टिनने हे पुढे अनेकदा सांगितलं. वस्तुस्थिती लपवायची नाही आणि मुलाच्या मनात न्यूनही ठेवायचं नाही, हे काम किती अवघड आहे, ते आपल्याकडच्या अनेक घरांतल्या आयांना विचारावं.

त्यांच्या चरित्रात एक अवघड जागाही आहे. १९३९च्या डिसेंबरात ‘गॉन विथ द विंड’ चित्रपटाच्या पहिल्या खेळानिमित्त अटलांटात मोठा समारंभ झाला. फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या मेजवानीच्या रात्री एबेनेझरचा गायकवृंद गुलामांच्या वेशात गायला. संचालन अल्बर्टाबाईंचं. गाणाऱ्यांत दहा वर्षांचा मार्टिन. काळ्या बॅप्टिस्ट पाळकांनी यावरून किंग सीनियर यांना दोष दिला. ही रात्र मी मुद्दाम सांगतो. मुलाला ‘तू कमी नाहीस’ म्हणणाऱ्या बाईला त्या शहरात कुठल्या जागी उभं राहून गावं लागत होतं, ते त्यातून कळतं.

विद्यार्थिदशेतल्या एका टिपणात मार्टिनने म्हटलं आहे, की आईची माया नेहमी पडद्यामागून पोचत राहिली. पडद्यामागे राहणाऱ्याला भीती कमी वाटते, असं मात्र नाही. १९५६ साली माँटगोमेरीच्या बस बहिष्काराच्या वेळी मुलाच्या घरावर बॉम्ब पडला. त्या दिवसांत डॉक्टरांनी अल्बर्टाबाईंना अंथरुणावर पडून राहायला सांगितलं होतं. मुलाने चळवळ सोडली नाही आणि आईने ऑर्गन सोडला नाही. १९५९च्या भारतभेटीत हाच मुलगा मुंबईत मणिभवनात राहिला आणि ९ मार्चला आपल्या आकाशवाणीवरून बोलला. १९६० मध्ये तो एबेनेझरला वडिलांसोबत पाळक म्हणून आला. मग बाप आणि मुलगा व्यासपीठावर आणि आई ऑर्गनवर, असे रविवार सुरू झाले. ते आठ वर्षं टिकले.

४ एप्रिल १९६८ला मार्टिनची हत्या झाली. धाकटा ए. डी. त्याच्या जागी एबेनेझरला आला. १९६९च्या जुलैत तो पोहण्याच्या तलावात बुडून गेला. पंधरा महिन्यांत दोन तरणे मुलगे. १९७२ साली अल्बर्टाबाई पदावरून निवृत्त झाल्या, पण गरज पडेल तेव्हा वाजवतच होत्या.

३० जून १९७४. रविवारची उपासना सुरू होती. अल्बर्टाबाई ऑर्गनवर प्रभूची प्रार्थना वाजवत होत्या. ओहायोतून आलेला तेवीस वर्षांचा एक काळा तरुण उठला आणि त्याने गोळ्या झाडल्या. ख्रिस्ती लोक आपले शत्रू आहेत, असं त्याच्या डोक्यानं घेतलं होतं. त्याचा रोख किंग सीनियर यांच्यावर होता, पण ऑर्गनपाशी बसलेल्या अल्बर्टाबाई जवळ होत्या. त्या आणि चर्चचे एक सेवक, एडवर्ड बॉयकिन, असे दोघं गेले. मारेकऱ्याचं नाव मी घेत नाही.

प्रार्थनेत माणूस सर्वांत निर्धास्त असतो. सजद्यात गेलेल्याची पाठ उघडी असते, ऑर्गनवर बसलेल्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात. म्हणून २०१५ मध्ये चार्ल्स्टनच्या चर्चमध्ये ९ माणसं मारली गेली, २०१९ मध्ये क्राइस्टचर्चच्या मशिदींत ५१ मारली गेली, तेव्हा मला ऑर्गनवरचे ते हात आठवले. देवाचं घर कुठलं, हा प्रश्न त्या वेळी गौण होतो.

मारेकऱ्याला फाशीची शिक्षा झाली. पण किंग कुटुंबाचा मृत्युदंडाला विरोध होता आणि तो विरोध लक्षात घेऊन १९९५ साली ती जन्मठेपेवर आली. बायको आणि दोन्ही मुलगे गमावलेले किंग सीनियर १९८४ मध्ये वारले. तोवर ते सांगत राहिले, की कुणाचाही द्वेष करण्याइतकं खाली मी उतरणार नाही. हे बळ त्यांनी कुठून आणलं असेल, असं लोक विचारतात. मला वाटतं, दर रविवारी ज्या सुराच्या आधारानं ते बोलत आले, तो सूर एकाएकी थांबत नसावा.

अटलांटाचं ते लाल विटांचं चर्च आता राष्ट्रीय स्मारक आहे. माणसं तिथं मुलाचा आवाज ऐकायला जातात. जावंच. मला आमच्या गावचा पेटीवाला आठवतो. इतकी वर्षं मी त्याच्यासमोर बसलो, पण त्याचं नाव मी कधी विचारलं नाही.