पेशीतले माथाडी



रेवदंड्यापासून श्रीवर्धनपर्यंत माकूल कोणाला ठाऊक नाही? पण या जीवाच्या अंगातला एक मज्जातंतू इतका जाड असतो की तो नुसत्या डोळ्यांनी दिसतो, हे मासळी साफ करताना आपण पाहत नाही. रोनाल्ड व्हेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते पाहिले. १९८५ साली त्यांनी माकुलाच्या मज्जातंतूंच्या अभ्यासातून, पेशीच्या आत ओझी वाहणारे एक प्रथिन शोधून काढले. त्याचे नाव कायनेसिन. त्याच जातीचे काम करणाऱ्या दुसऱ्या प्रथिनाला इयन गिबन्स यांनी १९६५ सालीच डायनीन हे नाव दिले होते. माझे आयुष्य ओझी वाहणाऱ्यांत गेले, तेव्हा आज या माथाड्यांविषयी बोललो तर विषय सोडून बोललो असे कोणी म्हणू नये.

त्यांचे सर्वांत नाजूक काम पेशी दुभंगताना असते. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात; आनुवंशिकतेचे सारे दप्तर त्यांत. एका पेशीतला हा धागा ताणून धरला तर सुमारे दोन मीटर भरेल. पेशी दुभंगण्यापूर्वी प्रत्येक गुणसूत्राची नक्कल होते आणि दोन्ही प्रती जुळ्या भावंडांसारख्या कमरेशी चिकटून राहतात. दोन्ही लेक-पेशींना प्रत्येक जोडीतली एक आणि एकच प्रत मिळाली पाहिजे. वाटणी चुकली तर काय होते? बीजपेशी तयार होताना चूक झाली आणि एकविसावे गुणसूत्र एक जास्त आले, तर डाऊन सिंड्रोमचे मूल जन्मते; हे १९५९ साली लज्यून आदी फ्रेंच संशोधकांनी दाखवले. कर्करोगाच्या पेशींत तर हा हिशेब बहुधा पारच विसकटलेला आढळतो.

वाटणीआधी पेशीत दोन टोकांना दोन ठाणी तयार होतात आणि त्यांच्यापासून सूक्ष्मनलिका निघतात. टोकांना निमुळती, मध्ये फुगीर अशी ती आकृती. शास्त्रज्ञांनी तिला चातीचेच नाव दिले. गिरणगावात ज्यांची उमेद गेली त्यांना चित्र दाखवायला नको. वाल्थर फ्लेमिंग यांनी १८८२ साली या विभाजनाचे तपशीलवार वर्णन प्रसिद्ध केले, परंतु माथाडी दिसण्याइतके सामर्थ्य त्या वेळच्या सूक्ष्मदर्शकात नव्हते. नलिकेची जाडी २५ नॅनोमीटर. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. तिच्यावरून कायनेसिन दोन पायांनी चालते. पाऊल ८ नॅनोमीटरचे, आणि दर पावलाला एटीपी या इंधनाचा एक रेणू खर्ची पडतो. इथे उधारी नाही.

एखादे गुणसूत्र बाजूला पडलेले असते. त्याच्या कमरेवरचे डायनीन नलिका धरते आणि त्याला ठाण्याकडे ओढून नेते. जायचे मध्यावर आणि नेले टोकाला! पण ठाण्याजवळ नलिका दाट असतात. तिथे कायनेसिनच्या कुळातला सेन्प-ई त्याला घेतो आणि नलिकेवरून मध्याकडे चालू लागतो. त्याच कुळातले दुसरे काही गडी गुणसूत्राच्या बाहूंना धरून ठाण्यापासून दूर रेटतात, आणि आणखी एक जण, कायएफ-१८-ए, मध्यावरचे हेलकावे आवरतो. शेवटी जुळ्यांपैकी एकाला या टोकाच्या नलिका धरतात, दुसऱ्याला त्या टोकाच्या. दोन्हींकडून ओढ लागते आणि गुणसूत्रे मधोमध रांगेत येतात. ही रांग स्वस्थ नाही. रस्सीखेचीत दोन्ही बाजू तोडीस तोड असल्या की मधली गाठ हलत नाही, तशी ती आहे. (तडजोडीच्या बैठकीतली शांतता मी अशीच पुष्कळ पाहिली आहे.)

या रस्सीखेचीवर संशोधन आपल्या समोरच्या किनाऱ्यावर झाले. मांडव्याच्या लाँचने पलीकडे उतरले की कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था दूर नाही. तेथे रूप मल्लिक आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी २००९ साली दाखवले की पेशीतल्या एका ओझ्यावर एकच बळकट कायनेसिन एका बाजूला आणि अनेक दुर्बळ डायनीन दुसऱ्या बाजूला ओढत असतात. ते ओझे गुणसूत्राचे नव्हते, हे सांगितले पाहिजे. पण २०१३ साली त्यांनीच दाखवले की एकेकटे दुर्बळ असलेले डायनीन मिळून ओढताना भार वाटून घेतात. हे वाचून मला किती आनंद झाला ते सांगत बसत नाही.

सगळी गुणसूत्रे पकडली जाईपर्यंत पेशी दुभंगत नाही. शेवटचा उतारू चढल्याशिवाय दोर न सोडणाऱ्या लाँचसारखी ती थांबते. निकलस आणि त्यांच्या सहकारी ली यांनी १९९५ साली प्रार्थनाकीटकाच्या पेशीत एका मोकळ्या राहिलेल्या गुणसूत्राला बारीक सुईने ताण दिला, आणि ताटकळलेली पेशी पुढे दुभंगली. ओढ लागली की नाही, हे पेशी जाणते.

आता औषधाकडे येतो. आपल्या अंगणातल्या सदाफुलीपासून व्हिंब्लास्टिन आणि व्हिंक्रिस्टिन ही औषधे काढतात. ती नलिका नीट बांधू देत नाहीत. गुणसूत्रांची रांग लागत नाही, पेशी ताटकळते आणि पुष्कळदा मरते. कर्करोगाच्या पेशी वरचेवर दुभंगतात, म्हणून घाव त्यांच्यावर जास्त बसतो. पण म्हणून कोणी घरी सदाफुलीचा काढा करू नये. ती वनस्पती विषारी आहे, आणि ही औषधे शिरेतूनच, मोजून, देखरेखीखाली देतात.

घाव दुसरीकडेही बसतो. मज्जातंतूंतही ह्याच नलिका आहेत आणि त्यांवरून हेच माथाडी कण्यापासून बोटांच्या टोकापर्यंत माल नेतात. रस्ता बिघडला की बोटांना मुंग्या येतात, ती बधिर होतात, सदऱ्याचे बटण लागत नाही. आमच्या संघटनेतला एक गडी असे उपचार घेऊन पॅकिंगच्या कामावर परतला. डबे हातून निसटू लागले. साहेबाने कागदावर 'कामात हयगय' असे लिहिले. हयगय नव्हती, बोटांना डबा लागतच नव्हता. हे पटवून त्याला हलके काम मिळवून द्यायला आम्हाला तीन महिने भांडावे लागले.

म्हणून ज्यांच्या घरी असे उपचार चालू आहेत त्यांना विनंती, की मुंग्या येऊ लागताच डॉक्टरांना सांगा. मात्रा बदलता येते, आणि उपचार संपल्यावर अनेकांना काही महिन्यांत उतार पडतो. कामावर परतताना या बधिरपणाची नोंद असलेली डॉक्टरांची चिठ्ठी मागून घ्या. ती कोणत्या शब्दांत मागावी हे ज्यांना हवे असेल, त्यांनी सभा संपल्यावर मला इथेच भेटावे.