आईची शिलाई आणि नोव्हा



मी संगणकाबद्दल बोलावं असा संयोजकांचा निरोप होता. पण आज आईबद्दल बोलते. तुमच्यापैकी अनेकांचे गणवेश आणि स्नेहसंमेलनातले झगे तिनेच शिवले होते.

तीन वर्षांपूर्वी तिचा चालताना तोल जाऊ लागला. मग डोळे आपोआप थरथरायला लागले, सुईत दोरा ओवता येईना. "वय झालं," म्हणत आम्ही दोन महिने घालवले. शेवटी मेंदूविकारतज्ज्ञांनी रक्ताची एक वेगळी तपासणी केली आणि मॅमोग्राफी करायला सांगितली. स्तनात लहानशी गाठ निघाली.

तोल जाण्याचा आणि या गाठीचा संबंध काय? मी वाचत सुटले. दुवा होता नोव्हा-1 हे प्रथिन.

डीएनएवरून आरएनए आणि आरएनएवरून प्रथिन, एवढं आपण शाळेत शिकलो. मध्ये आणखी एक पायरी असते. आरएनएमधले काही तुकडे कापून टाकले जातात आणि उरलेले जोडले जातात. 1977 साली लागलेल्या या शोधाला 1993 चं नोबेल मिळालं. एकाच ताग्यातून आई कधी फ्रॉक बेतायची, कधी सदरा. तशीच एका जनुकापासून वेगवेगळी प्रथिनं तयार होतात. मेंदूच्या पेशींत कुठला तुकडा ठेवायचा आणि कुठला गाळायचा, हे ठरवणाऱ्यांपैकी एक म्हणजे नोव्हा. प्रयोगात नोव्हा-1 नसलेली उंदरांची पिल्लं जन्मानंतर थोड्याच दिवसांत दगावली.

कर्करोगाच्या काही गाठी हे मेंदूतलं प्रथिन बनवू लागतात. शरीराची प्रतिकारशक्ती त्याला परकं समजून गाठीवर तुटून पडते आणि त्यात मेंदूलाही इजा होते. अशाच रुग्णांच्या रक्तातल्या प्रतिपिंडांच्या मदतीने 1993 मध्ये शास्त्रज्ञांना नोव्हाचं जनुक सापडलं. त्या अनोळखी रुग्णांचं आमच्यावर ऋण आहे.

आईची गाठ काढली, उपचार झाले. डोळे स्थिरावले, काठी मात्र लागते. आज तुम्हाला मिळालेल्या कापडी पिशव्या तिनेच शिवल्या आहेत. एखादा टाका वाकडा असेल, तर सांभाळून घ्या.

मैत्रिणींनो, आपणही आता पंचेचाळिशीच्या आसपास आहोत. अचानक तोल जाऊ लागला, हाताला गाठ लागली, तर "वय झालं" म्हणू नका. आधी डॉक्टरांकडे जा. आमचे ते दोन महिने मला अजून सलतात.