वजनाचा कांटा कां अडतो?

भात, पोळी व साखर वर्ज्य करून वजन उतरवूं पाहणाऱ्या गृहस्थाचा पहिला आठवडा मोठ्या उत्साहांत जातो. कांटा भराभर खालीं येतो आणि घरांतील मंडळी कौतुक करतात. पुढें मात्र तोच कांटा एका आंकड्यावर ठाण मांडून बसतो. मग पथ्य फसलें असें समजून कोणी पुन्हां भाताकडे वळतो, तर कोणी तूप-लोणीही टाकून केवळ अंड्याच्या पांढऱ्या भागावर दिवस काढूं लागतो. हे दोन्ही मार्ग कां चुकतात, याचें उत्तर न्यूयॉर्क येथें १९२८ सालीं सुरू झालेल्या एका प्रयोगांत सांपडतें.

ध्रुवप्रदेशाचे संशोधक विल्यालमर स्टेफान्सन यांनीं इन्युइट लोकांत अनेक वर्षें काढलीं होतीं. केवळ मांसाहारावर माणूस निरोगी राहतो, हें त्यांचें म्हणणें कित्येक डॉक्टरांना पटेना. तेव्हां ते व त्यांचे सहकारी कार्स्टन अँडरसन यांनीं वैद्यकीय देखरेखीखालीं एक वर्ष केवळ मांस खाल्लें. प्रयोगाचा आरंभ बेलव्ह्यू रुग्णालयांत झाला. आरंभीं स्टेफान्सन यांना चरबीविरहित मांसच देण्यांत आलें. थोड्याच दिवसांत त्यांना मळमळ व जुलाब सुरू झाले. चरबी मिळतांच ते बरे झाले. प्रथिनांतील नत्राचें युरियांत रूपांतर करण्याची यकृताची शक्ति मर्यादित असते. म्हणून शरीराची सारी ऊर्जा एकट्या प्रथिनांतून काढतां येत नाहीं. पुढें त्यांच्या आहारांत रोज सुमारें १०० ते १४० ग्रॅम प्रथिनें, २०० ते ३०० ग्रॅम स्निग्धांश आणि केवळ ७ ते १२ ग्रॅम पिष्टांश असे.

त्यांच्या वजनाची हकीकत अधिक उद्बोधक आहे. पहिल्या आठवड्यांत तें घटलें, नंतर जवळजवळ स्थिर राहिलें. घटलें तें मुख्यतः पाणी होतें. शरीरांत सांठविलेली साखर आपल्याबरोबर सुमारें तिप्पट पाणी बाळगते. सांठा सरला कीं पाणीही जातें. त्यानंतर आहार व खर्च यांचा मेळ बसला कीं, पिष्ट वर्ज्य असूनही वजन हलत नाहीं. शिवाय हलक्या झालेल्या देहाचा खर्चही कमी होतो, आणि बदाम, चीज यांचें प्रमाण नकळत वाढतें. कांटा अडतो तो येथें.

अशा वेळीं प्रथिनें कमी करणें हितावह नव्हे. वजनाबरोबर स्नायूही झिजतात. पुरेशीं प्रथिनें व व्यायाम ती झीज रोखतात, आणि पोटही भरल्यासारखें राहतें. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेनें २०२० सालीं दर किलो वजनास ०.८३ ग्रॅम प्रथिनें रोज सुचविलीं. वजन उतरवितांना तज्ज्ञ बहुधा १.२ ते १.६ ग्रॅम सांगतात. म्हणजे ७० किलोच्या माणसास ८४ ते ११२ ग्रॅम. एका अंड्यांत तीं सुमारें ६ ग्रॅम असतात. शाकाहारी घरांत डाळीवर भिस्त असते. पण डाळींत प्रथिनांच्या दुपटीहून अधिक पिष्ट असतें. तेथें पनीर व सोयाबीन यांचें साह्य घ्यावें लागतें.

मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यानें प्रथिनें वाढविण्यापूर्वीं व मधुमेहाचें औषध घेणाऱ्यानें पिष्ट सोडण्यापूर्वीं वैद्याचा सल्ला घ्यावा. इतरांनीं कांटा अडतांच कंबरेचें माप घ्यावें, आठवडाभर ताटांतील प्रत्येक पदार्थ तोलून पाहावा, आणि मगच आहारास हात लावावा.