पेन्शन कुणाच्या बापाची?

(युवक शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मघाशी चहाच्या टायमाला एक पोरगा मला म्हणाला, दादा, पेन्शनवर कसलं भाषण ठोकता? आमच्याकडं नोकरी नाय आणि तुम्ही म्हातारपणाचं सांगता. बरोबर आहे त्याचं. मी विचारलं, घरात चूल कशावर पेटते? म्हणाला, आजीच्या पेन्शनीवर. मग मी तिथूनच सुरू करतो.

माझा बाप एका नगरपालिकेत झाडूवाला. पहाटे हजेरी, दुपारी दारू, संध्याकाळी घरात तमाशा. तो मेला तेव्हा आईच्या नावावर फॅमिली पेन्शन लागली. त्या पैशावर मी बी.ए. झालो. जिवंतपणी बापानं दिलं नाही ते मेल्यावर दिलं. आई अजून दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला बँकेत जाते. मशीन तिचा अंगठा घेत नाही. लोकांची भांडी घासून रेषा गेल्यात. काउंटरवरचा बाबू म्हणतो, आजी, परत लावा. जिती बाई समोर उभी आणि पुरावा मशीननं द्यायचा!

तरीही ती ताठ मानेनं जाते, कारण ती भीक मागायला जात नाही. हे मी म्हणत नाही, सुप्रीम कोर्ट म्हणतं. १७ डिसेंबर १९८२, नाकारा खटला. पेन्शन ही मालकाची मेहरबानी नव्हे, आधी केलेल्या कामाचा तो मोबदला आहे, हे त्या निकालात ठणकावून सांगितलंय. घटनेच्या ४१व्या कलमात म्हातारपणी सरकारनं मदत करावी असं लिहिलंय. पण ते मार्गदर्शक तत्त्वांत. त्या कलमावर थेट कोर्टात भांडता येत नाही.

आता कायदा कसा फिरला ते बघा. १ जानेवारी २००४पासून केंद्रात नव्यानं लागणाऱ्यांची जुनी पेन्शन बंद. लष्कर तेवढं वगळलं. आपल्या राज्यानं ३१ ऑक्टोबर २००५ला शासन निर्णय काढला आणि १ नोव्हेंबरपासून इथंही तेच. एका रात्रीत! कायदा संसदेत पास झाला २०१३ला. म्हणजे आधी खिसा कापला, मग कापायचा कायदा केला. सुरुवात भाजपवाल्यांच्या सरकारनं केली, कायदा काँग्रेसवाल्यांनी केला. या एका बाबतीत दोघांचं कधी भांडण झालेलं मला आठवत नाही. आमदार-खासदारांची पेन्शन मात्र कुणी बाजारात नेली नाही.

जुनी म्हणजे काय? शेवटच्या पगाराच्या निम्मी, वर महागाई भत्ता, पगारातून कपात नाही. नवी म्हणजे पगारातून दहा टक्के कापायचे, सरकार आपला हिस्सा टाकणार (आधी दहा होता, आता चौदा) आणि ते पैसे बाजारात. साठीला जमेतले जास्तीत जास्त ६० टक्के हातात, उरलेल्या किमान ४० टक्क्यांची विमा कंपनीकडून पेन्शन विकत घ्यायची. समजा २० लाख जमले. ८ लाखांवर साडेसहा टक्क्यानं धरलं तर महिन्याला पडतात ४,३००च्या आसपास. त्यावर महागाई भत्ता नाही. आणि हातात आलेले १२ लाख? आपल्या वस्तीत १२ लाख आले की सावकार, पोरीचं लग्न आणि गळकं छप्पर हे तिघं दारात आधीच बसलेले असतात.

माझा चुलतभाऊ सरकारी दवाखान्यात वॉर्डबॉय. २००९ला लागला, २०१५ला मेला. आपल्या आईला मिळाली तशी पेन्शन वहिनीला मिळेल असं मी छातीठोक सांगितलं. खोटा पडलो. नव्या योजनेत जमा झाली तेवढीच रक्कम, तीही कागद फिरवून फिरवून. वहिनी चार घरची भांडी धरून बसली. मार्च २०२३ला राज्यभर संप झाला, १४ ते २० तारीख, 'एकच मिशन, जुनी पेन्शन'. सरकारनं समिती नेमली, संप मिटला. आणि ३१ मार्चला शासन निर्णय निघाला, की नव्या योजनेतला माणूस नोकरीत मेला तर कुटुंबाला पेन्शन. संपानंतर अकरा दिवसांत. म्हणजे करता येत होतं. वहिनीची मधली आठ वर्षं कुणाच्या खात्यात लिहायची?

आता माझं सांगतो, लपवत नाही. माझ्या भरतीची जाहिरात नोव्हेंबर २००५च्या आधीची. माझ्याबरोबरचे काही ऑक्टोबरमध्येच हजर झाले, त्यांना जुनी पेन्शन. माझी जातपडताळणी अडकली. मी हजर झालो २००७ला, मला नवी. एकच जाहिरात, एकच परीक्षा, आणि फरक फक्त दाखल्याच्या शिक्क्याचा. २०२४च्या सुरुवातीला राज्यानं जाहिरात आधीची असलेल्यांना पर्याय दिला. मी फॉर्म भरला, मला जुनी मिळाली. वहिनी म्हणाली, भावजी, तुमचं बरं झालं. मला मान वर करता आली नाही.

ऑगस्ट २०२४ला केंद्रानं तिसरी योजना आणली, एकीकृत. आपल्या मंत्रिमंडळानं दुसऱ्याच दिवशी ती उचलली. केंद्राच्या योजनेत शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्मी पेन्शन, पण पंचवीस वर्षं सेवा झाली तर. कमी झाली तर त्या प्रमाणात. आता डोकं चालवा. राज्याच्या नोकरीत मागासवर्गीयाला वयाची सवलत ४३ वर्षांपर्यंत. अनुशेष वर्षानुवर्षं भरत नाहीत म्हणून आपला पोरगा चाळिशीत लागतो, तिसऱ्या वर्गातला असला तर अठ्ठावन्नला निघतो. अठरा वर्षं. पंचविसाच्या हिशेबानं निम्म्याऐवजी ३६ टक्के. सवलत देणारे तेच, उशीर करणारे तेच आणि कापणारेही तेच.

पण दोस्तांनो, संघटनावाल्यांनाही दोन शब्द ऐकवतो. ज्या १४ मार्चला आम्ही रस्त्यावर होतो, त्याच तारखेचा दुसरा एक शासन निर्णय आहे. नऊ खाजगी एजन्सींमार्फत सरकारी कामाला माणसं भरायची. आरक्षण नाही, पेन्शनीचं नावच नाही. आम्ही घोषणा देत होतो आणि पायाखालची नोकरीच सरकत होती. ओरड झाल्यावर ऑक्टोबरमध्ये तो निर्णय मागं घेतला. पण ठेकेदारी गेली का? मुंबईत कचरा उचलणाऱ्या २,७०० ठेका कामगारांना कायम व्हायला सुप्रीम कोर्टाच्या २०१७च्या निकालापर्यंत लढावं लागलं. कचरा वाहतूक श्रमिक संघ चिवट होता म्हणून ते झालं. त्यांना कागदावर कामगार म्हणायलाही मालक तयार नव्हता. माझा धाकटा भाऊ आज बापाच्याच रस्त्यावर झाडू मारतो, ठेकेदाराकडं. त्याला जुनी नाही, नवी नाही, एकीकृत नाही. आमच्या संपाच्या मागण्यांत त्याची ओळ शेवटून दुसरी होती, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय. ती टाइप करणारा मीच होतो. त्या वेळी मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

या बैठकीत ती ओळ एक नंबरला घ्यायची, असा ठराव मी मांडतोय. कुणाला विरोध करायचा असेल त्यानं उभं राहून करावा, मागं कुजबुज नको.

आणि रविवारी दहा वाजता बुद्धविहारात वहिनीसारख्या बायांचे अर्ज भरायला बसणार आहोत. नेमणुकीचा आदेश, मृत्यूचा दाखला आणि कपातीच्या जितक्या असतील तितक्या पावत्या आणायला सांगा. पावत्या नसतील तर पासबुक चालेल. ठेकेदाराकडं असलेल्या पोरांनी पगार कसा येतो ते लिहून आणा, हातात येत असेल तर तेही लिहा. ज्यांना लिहिता येतं त्यांनी पेन घेऊन या, पेनं कमी पडतात.