नव्या गड्याचे कान

२०१४ सालीं अमेरिकेंत ॲमेझॉन कंपनीनें ‘एको’ हें यंत्र विक्रीस आणलें. ‘अलेक्सा’ अशी हांक मारून आज्ञा द्यावी, कीं गाणें लागतें, दिवा विझतो. परंतु ती हांक ओळखण्यासाठीं यंत्राला कान सदैव उघडे ठेवावे लागतात. पुढील शब्द दूरच्या संगणकांकडे जातात. आईबापांनीं सांगूनही मुलांच्या बोलण्याच्या नोंदी पूर्णपणें पुसल्या नाहींत, या आरोपावरून २०२३ सालीं कंपनीनें अडीच कोटी डॉलर दंड भरण्याचें मान्य केलें. खाजगी बोलावयाचें असल्यास घरच्या गड्याला आपण बाहेर पाठवीत असूं. या गड्याचे कान मिटण्यासाठीं त्याच्या माथ्यावर एक कळ आहे. ती केव्हां दाबावी, हें मात्र घरधन्यानेंच ठरवावयाचें आहे.