समाजशास्त्र पाठ करू नका

दहावीचा निकाल लागला की घराघरांत शाखेची चर्चा सुरू होते. कला शाखेकडे वळणाऱ्या मुलामुलींना हमखास सल्ला मिळतो, ‘समाजशास्त्र घे, सोपं आहे. पाठ केलं की मार्क पडतात.’ हा सल्ला मानून ज्यांनी अकरावीला हा विषय घेतला, त्यांच्याशी आणि त्यांच्या शिक्षकांशी आज मला बोलायचे आहे.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगारांच्या एखाद्या गावातल्या शाळेचा हजेरीपट पाहा. दसरा-दिवाळी उलटली की काही नावांपुढे गैरहजेरी लागू लागते, ती थेट उन्हाळ्यापर्यंत. ही मुले आईवडिलांबरोबर पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊसतोडीला गेलेली असतात. ‘त्यांना शिक्षणाची आवडच नाही,’ असे म्हणून लोक मोकळे होतात. समाजशास्त्राचा विद्यार्थी इथूनच विचारायला लागतो. घरची जमीन कोरडवाहू आहे का? मुकादमाकडून उचल किती घेतली? मुले गावात ठेवली तर त्यांना सांभाळणार कोण? उसाच्या फडात नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि उचल मिळते ती कोयत्यावर. हे कळले की मुलींची लग्ने लवकर का उरकली जातात, याचेही एक कारण हाती लागते. स्थलांतर, कुटुंब, विवाह, श्रमविभागणी हे पुस्तकातले सुटे धडे त्या हजेरीपटावर एकमेकांत गुंतलेले दिसतात.

असे पाहणारी माणसे आपल्याकडे होऊन गेली. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात भारतातील जातींवरचा निबंध वाचला, तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. मुंबई विद्यापीठात १९१९ साली समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला आणि पुढे मालवणच्या गो. स. घुर्ये यांनी तो नावारूपाला आणला. त्यांच्या विद्यार्थिनी इरावती कर्वे पंढरीच्या वाटेवर दिंडीबरोबर चालल्या. वारीवर त्यांचा जीव जडला. तरीही एकाच दिंडीत जातींच्या पंगती वेगळ्या बसतात, हे त्यांनी स्पष्ट लिहिले. आपल्या माणसांवर माया ठेवून त्यांच्याविषयी खरे लिहिणे, हे या विषयाचे सर्वांत मोठे शिक्षण आहे.

शिक्षकांना माझी विनंती आहे. यंदाचा प्रकल्प गाईडमधून उतरवून घेऊ नका. मुलांना आपल्याच गल्लीतल्या दहा घरी पाठवा. पाणी कोण भरते, कमाई कोणाच्या हाती जाते, शाळा कोणाची सुटली आणि का, एवढेच विचारू द्या.

आणि विद्यार्थी मित्रांनो, विचारताना अदबीने विचारा. कोणाचे नाव उघड करू नका. तुम्हाला जे हवे ते लिहू नका. समोरच्याने जे सांगितले तेच लिहा.