प्रदर्शनातील आपला गाळा

(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



प्रदर्शनात गाळा कसा मांडावा, या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने आम्हांस केली. विषय वरकरणी क्षुल्लक वाटेल. टेबल कोठे ठेवावे आणि दिवा कोठे टांगावा, यावर संमेलनात भाषण कशाला, अशी शंका काहींच्या मनात आली असेल. ती प्रथम आमच्याही मनात आली होती.

आपल्या वाडवडिलांना गिऱ्हाईक शोधीत कोठे जावे लागत नव्हते. पेशवाईत कोकणातून पुण्यास येऊन कसब्यात स्थिरावलेल्या तांबटांच्या आळीत पाऊल टाकण्यापूर्वीच ठोक्यांचा नाद कानी येई. तो नाद हीच आपल्या धंद्याची पाटी होती. घरात लग्न निघाले की माणसे हंडा, कळशी, घंगाळ आणि बंब घेण्यासाठी आपण होऊन येत. पुढे ॲल्युमिनियम आले, स्टेनलेस स्टील आले, न्हाणीघरात गीझर आला आणि बंब माळ्यावर गेला. आता गिऱ्हाइकाच्या वाटेवर आपणांसच जाऊन बसावे लागते. ती वाट म्हणजे प्रदर्शन. तेथे मिळणारा गाळा बहुधा तीन मीटर लांब व तीन मीटर रुंद, म्हणजे सुमारे दहा फूट चौरस असतो. तेवढ्या जागेत आपल्या पिढ्यानपिढ्यांच्या विद्येची पारख व्हावयाची असते. म्हणून हा विषय क्षुल्लक नाही.

प्रथम आमची फजिती सांगतो, कारण तीच आमची शिकवणी झाली. तीन वर्षांपूर्वी आम्ही काही मंडळींनी मिळून एका प्रदर्शनात गाळा घेतला. घरोघरची भांडी गोळा केली आणि पंचपात्रापासून बंबापर्यंत जे मिळाले ते सारे फळ्यांवर रचले. पुढे आडवे टेबल लावले आणि त्यामागे खुर्च्या टाकून आम्ही चौघे बसलो. दोन दिवस लोक आमच्यापुढून नदीसारखे वाहत गेले. कोणी थांबलेच तर भांड्यांकडे पाहण्याऐवजी आमच्याकडे पाही, आणि चार जोडी डोळे आपल्यावर रोखलेले पाहून पुढे सरके. आम्ही दोष दिला तो जागेला, आयोजकांना आणि लोकांच्या रसिकतेला.

तिसऱ्या दिवशी आमच्यातील एका वयोवृद्ध कारागीर काकांना बसून बसून कंटाळा आला. वाहतुकीत पोचा पडलेला एक तांब्या घेऊन ते कोपऱ्यातल्या ऐरणीवर तो ठोकू लागले. पाचव्या-सहाव्या ठोक्याला माणसे वळली आणि पाहता पाहता गर्दी जमली. परंतु गोष्ट येथेच गोड झाली असे समजू नका. गर्दीने मोबाइलवर चित्रे घेतली आणि ती निघून गेली. शेजारच्या गाळ्याने आवाजाची तक्रार केली. काकांनी हातोडा खाली ठेवला व म्हणाले, "सगळ्यांनी माझे हात टिपले. माझे नाव एकानेही विचारले नाही." त्या वाक्याने आम्ही विचार करू लागलो. गाळा मांडणे म्हणजे काय, याचे जे उत्तर आम्हांस सापडले ते असे: गाळा हे दुकान नव्हे, ती घराची ओसरी आहे. ओसरीवर पाहुण्याला वाट मोकळी असावी लागते, बसावयास पाट असावा लागतो आणि यजमानाला नाव असावे लागते.

वाटेचा विचार प्रथम करू. रमतगमत चालणारा मनुष्य आपला दहा फुटांचा दर्शनी भाग साधारण चार पावलांत ओलांडतो. त्या चार पावलांत त्याला एकच गोष्ट दिसू शकते, शंभर दिसत नाहीत. म्हणून आडवे टेबल प्रथम काढावे. ओसरीच्या तोंडाशी कोणी कडी घालीत नाही. टेबल बाजूच्या भिंतीला लावावे आणि दर्शनी भाग मोकळा सोडावा. समोर, डोळ्यांच्या उंचीला, एकच मोठे भांडे ठेवावे. बाकीची मोजकी भांडी कामानुसार, म्हणजे स्वयंपाकाची, पाण्याची व देवघराची अशी वेगळी मांडावी आणि उरलेली पेटीत राहू द्यावीत.

ते एक भांडे कसे ठेवावे, याचे उत्तम उदाहरण इतिहासात आहे. १८५१ साली लंडनच्या हाइड पार्कमध्ये काचेच्या प्रचंड मंडपात जे महाप्रदर्शन भरले, त्यास साठ लाखांवर प्रेक्षकांची हजेरी लागली. हिंदुस्थानच्या विभागात एक भरजरी हौदा ठेवावयाचा होता. ज्यांनी जन्मात हौदा पाहिला नव्हता, त्यांना तो जमिनीवर ठेवलेला पाहून काय कळणार? तेव्हा एसेक्स परगण्यातील सॅफ्रन वॉल्डन गावच्या संग्रहालयातून पेंढा भरलेला एक हत्ती आणविला आणि हौदा त्याच्या पाठीवर चढविला. लोकांना हौदा कळला तो हत्तीमुळे. आपल्या घंगाळाचेही तसेच आहे. नुसते पालथे घातलेले घंगाळ आजच्या तरुण गृहिणीला कोडे वाटते. त्यात पाणी भरून चार झेंडूची फुले सोडा, म्हणजे ते आपल्या दिवाणखान्यात कोठे शोभेल हे तिचे तिलाच दिसते. प्रत्येक भांड्याला त्याचा हत्ती शोधून द्यावा, असे आम्ही म्हणतो.

आता दिव्याविषयी. तयार गाळ्यात बहुधा पांढऱ्या भिंती व थंड पांढरा उजेड मिळतो. त्या उजेडात तांबे निस्तेज दिसते. बल्बच्या वेष्टनावर केल्विनचा आकडा असतो. तो २७०० ते ३००० असलेला पिवळसर उजेड घ्यावा. दिवा समोरून न रोखता बाजूने, तिरपा टाकावा. समोरच्या उजेडात भांडे नुसते चकाकते. तिरप्या उजेडात मात्र मठारकामाचा प्रत्येक ठोका आपली सावली टाकतो, आणि हे यंत्राचे काम नव्हे हे न सांगता कळते. मागे मांजरपाटाचा किंवा गडद खादीचा पडदा सोडावा. पाटीवर केवळ आडनाव व 'आणि सन्स' एवढेच नसावे. 'हातांनी ठोकलेली तांब्याची भांडी' हे शब्द त्याहून मोठे असावेत. दहा फुटांवरून सहज वाचता यावे यासाठी अक्षर सुमारे एक इंच उंच लागते. तीस फुटांवरून वाचावयाचे असल्यास ते तीन इंच करावे.

भांड्यापाशी किंमत लिहिण्यास संकोच करू नये. आपल्याकडील मनुष्य किंमत विचारून न घेता जाण्यास लाजतो, म्हणून तो विचारीतच नाही. किमतीबरोबर वजन लिहावे आणि कल्हई आहे की नाही तेही लिहावे. येथे एक कळकळीची विनंती आहे. तांब्याच्या पाण्याने अमुक रोग बरा होतो, तमुक व्याधी जाते, असल्या पाट्या लावू नका. त्याऐवजी, कल्हई नसलेल्या तांब्यापितळेच्या भांड्यात ताक, चिंच, लिंबू असे आंबट पदार्थ ठेवू नयेत, हे आपणच आधी सांगा. मालाची मर्यादा जो स्वतः सांगतो, त्याच्या बाकीच्या शब्दांवर गिऱ्हाईक विश्वास ठेवते.

मंडपात भट्टी पेटवून कल्हई करण्यास आगीच्या भयामुळे सहसा परवानगी मिळत नाही. तेव्हा अर्धे कल्हई केलेले व अर्धे उघडे ठेवलेले एक पातेले ठेवावे. त्याशेजारी पत्र्याची गोल चकती, अर्धवट उठविलेले भांडे आणि पुरे झालेले भांडे असे क्रमाने मांडावे, आणि ते हातात घेऊ द्यावे. नाद माणसाला थांबवितो, परंतु त्याला धरून ठेवतो तो स्पर्श.

काकांच्या बोलण्याकडे आता पुन्हा वळतो. १८८६ साली लंडनमध्ये वसाहतींचे व हिंदुस्थानचे प्रदर्शन भरले. तेथे आपल्या देशातील तीसहून अधिक कारागीर प्रेक्षकांसमोर बसून काम करीत होते. परंपरागत कारागीर म्हणून लोकांना दाखविलेल्या या मंडळींपैकी पुष्कळ जण प्रत्यक्षात आग्र्याच्या तुरुंगातून आणलेले होते व तेथेच ते काम शिकले होते. पाहणाऱ्यांना वस्तू दिसली, कसब दिसले. माणूस मात्र दिसला नाही. आपल्या गाळ्यात असे होता कामा नये. कारागीर बसेल त्या जागी त्याचे नाव आणि तो किती वर्षे हे काम करीत आहे, ते लिहिलेले असावे. त्याच्यासमोर एक पाट असावा आणि पाहुण्याला बसवून, हाती हातोडी देऊन, दोन ठोके मारू द्यावेत. ते दोन ठोके वाकडे पडतात. सरळ ठोक्याची किंमत त्याला तेव्हा कळते. काम तासातून दहाच मिनिटे चालवावे आणि शेजाऱ्यांस व आयोजकांस आधी विचारावे.

गाळ्यावर दोघे पुरेत, पण ते उभे असावेत आणि हाती मोबाइल नसावा. पैशांसाठी क्यूआर कोड असावाच, परंतु एक वहीही असावी. कोणी काय पाहिले, काय विचारले, कोणाच्या घरी जुना बंब पडून आहे, हे तीत टिपून ठेवावे आणि आठ दिवसांच्या आत त्यांना फोन करावा. प्रदर्शनाची खरी विक्री पुष्कळदा प्रदर्शन उठल्यावरच होते.

पुढच्या वर्षी आम्ही याप्रमाणे पुन्हा गाळा मांडला. लक्षावधींची उलाढाल झाली असे सांगून आम्ही आपली फसवणूक करणार नाही. गाळ्याचे भाडे निघून थोडे उरले, इतकेच. परंतु अखेरच्या दिवशी एक शाळकरी मुलगी पाटावर बसली, दोन ठोके मारले आणि पाटी वाचून काकांना त्यांच्या नावाने हाक मारून तिसरा ठोका कसा मारावयाचा ते विचारू लागली. तिच्यामागे उभा असलेला काकांचा नातू, जो या धंद्यात यावयाचे नाही असे घरी सांगत असे, पुढे झाला आणि त्याने तिला हातोडी कशी धरावी ते दाखविले. तो धंद्यात येईल की नाही, हे आम्ही सांगू शकत नाही. त्या दिवशी त्याला आपल्या आजोबांच्या विद्येची लाज वाटली नाही, एवढे आम्ही डोळ्यांनी पाहिले.

शेवटी संस्थेस एक सूचना करतो. पडदे, दिवे, पाट, ऐरण आणि क्रमाने मांडावयाचे नमुने असा एक संच संस्थेने करून ठेवावा आणि ज्या कुटुंबास प्रदर्शनात जावयाचे असेल त्यास तो विनामूल्य द्यावा. एकट्याला हा खर्च जड आहे, ज्ञातीला नाही. आळीतला नाद क्षीण झाला असेल, परंतु तो दहा फुटांच्या ओसरीत बांधून गावोगाव नेता येतो.